शनिवारची कोशिंबीर

"घाई करू नगा, पेरू काय पळून चाललाय व्हय?" असं म्हणत मावशी पदर खोचायच्या, वर्गाच्या मधोमध फतकल मारायच्या आणि पेरूंची पाटी मांडीशी ओढायच्या. पाटीला एव्हाना वर्गातले सगळे हात भिडलेले असत. पेरूला पळायला वाव नव्हताच.

सोलापुरातल्या एका शाळेच्या बालवर्गाला मी शिकवते. मावशी आमच्या मदतनीस. नाकं पुसणं, ओल्या चड्ड्या बदलणं, रडणाऱ्याला कडेवर घेणं ही त्यांची कामं. तुमच्याही शाळेत अशा एक मावशी असतील. त्यांचं नाव आठवतंय का बघा. मलाही यांचं नाव पहिलं वर्षभर माहीत नव्हतं, आणि त्याची लाज वाटायला फार उशीर झाला.

थंडीत पेरूचा मोसम आला की शनिवारच्या अर्ध्या शाळेत कोशिंबीर करायची, ही कल्पना त्यांचीच. पेरू मावशी स्वतः जवळच्या मंद्रूपच्या बाजारातून निवडून आणत, पिकून मऊ झालेले, म्हणजे सुरी लागायला नको. मुलांनी हात धुवायचे आणि मावशींनी एकेक हात नाकाशी नेऊन हुंगायचा. "साबनाचा वास न्हाय. चल, परत!" कुणा साहेबाचा मुलगा असला तरी परत नळावर. मग कुस्करणं सुरू. त्यावर दही, शेंगदाण्याचं कूट, साखर, चिमूटभर मीठ. निम्मं दही नाकाला लागायचं, पण डब्यातली भाजी तशीच घरी नेणारी मुलं वाटी चाटूनपुसून खायची.

त्या तासापुरतं मुलं त्यांना 'मावशीबाई' म्हणत. मावशी हरखून जायच्या. सोमवारपासूनच विचारायच्या, "बाई, ह्या शनवारी हाय न्हवं आपला तास?" बाकी आठवडाभर त्या शाळेच्या होत्या, तो एक तास त्यांचा होता.

एका मुलीनं घरी जाऊन आईला सुनावलं, "तुला येत नाही. मावशीबाईंकडून शीक." आई बिचारी माझ्याकडे कृती विचारायला आली. मी अंदाजानंच काहीतरी सांगितलं.

मागच्या हिवाळ्यात मी या तासाचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला. मध्ये मावशी, भोवती मुलं, सगळ्यांचे हात एकाच पातेल्यात. संध्याकाळी एका वडिलांचा फोन आला. फार गोड बोलले. "उपक्रम छान आहे हं. त्या मावशींचं आडनाव काय हो?"

आपल्याकडे आडनाव कशासाठी विचारतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. मलाही कळत होतं. तरी सांगून टाकलं, कुणी किती वाजले विचारल्यावर सांगावं तसं. ते म्हणाले, "अच्छा, अच्छा," आणि फोन ठेवला.

सोमवारी मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं. "स्वच्छतेबद्दल पालकांची तक्रार आहे. यापुढे मावशींनी खाण्याच्या वस्तूला हात लावायचा नाही." अख्ख्या शाळेत साबणाचा वास हुंगून हात तपासणारी ती एकच बाई! मी मात्र "हो मॅडम" म्हणून बाहेर आले. कुणी माझा गळा धरला नव्हता. मी बोलले असते तर माझं काहीही बिघडलं नसतं. मावशींना बालवर्गातून काढून वरच्या मजल्यावरचे संडास धुवायला दिले.

त्या शनिवारी मुलांनी घरून पेरूच्या फोडी आणल्या. हातमोजे, चमचे, सगळं नियमानुसार. "मावशीबाई कुठंयत?" असं दोघातिघांनी विचारलं आणि निम्मी कोशिंबीर तशीच उरली. शाळा सुटल्यावर त्यातलीच एक वाटी भरून मी वर गेले. मनाला लागलं होतं, ते कुठंतरी उतरवायचं होतं.

"मावशी, तुमच्याशिवाय मजा नाही आली. घ्या."

त्यांनी हातातला खराटा खाली ठेवला, पण वाटी घेतली नाही.

"मी काय करणार? वरून आलंय," मी म्हणाले. "मी असलं काही मानत नाही, तुम्हाला माहीतच आहे."

मावशी बोलल्या. रागानं नाही, हे जास्त वाईट.

"तीन वर्सं झाली, बाई. पोरांचं झालं की पैली वाटी मी तुमाला आनून द्याची. दर बारीला तुमी म्हनला, शनवारचा उपास हाय."

"असतो ना मला शनिवार."

"आसंल की. पन पेरू, दही, शेंगाचं कूट... समदं उपासाला चालतंय, बाई."

एवढं बोलून त्यांनी खराटा उचलला आणि पुन्हा फरशी घासायला लागल्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर त्या कामावर आल्या नाहीत. मी चौकशी केली नाही. पत्ता मिळाला असता, तर जावं लागलं असतं.