खरवडून काढलेला पिवळा त्रिकोण

आमचं दुकान अकोल्यात, फ्रीज-एसी दुरुस्तीचं. पत्र्याचं शेड, मागं आमचं घर, पुढं एक निंबाचं झाड, आणि झाडाखाली पाण्याची टाकी. ती टाकी माझी. दुकानात आलेली प्रत्येक मशीन आधी माझ्या हातून जायची. आमचे हे तिला उघडणार, पण त्याआधी मी तिला घासूनपुसून लख्ख करणार. गिऱ्हाईकाला आतलं काही कळत नाही हो. ते मशीन न्यायला येतं तेव्हा आधी बाहेरून बघतं. चिकटलेले कागद, जुनी स्टिकरं, पानाचे डाग, मी काही म्हणता काही ठेवत नसे. त्यासाठी माझं एक जुनं ब्लेड होतं, मूठ चिंधीनं गुंडाळलेलं.

यांनी हे काम कोण्या शाळेत शिकलं नव्हतं. दुसऱ्याच्या दुकानात पाने-पकडी धुवून शिकले, आणि मी त्यांचं बघून. यांचा सगळ्यात मोठा अभिमान म्हणजे त्यांचा दिवा. छोटासा, तोंडाशी तांब्याची चकती बसवलेला. नळीच्या सांध्याजवळ न्यायचा. जुना गॅस कुठून झिरपत असला की निळी ज्योत हिरवी व्हायची. लोकं बघायला उभे राहत. हे म्हणायचे, "गॅस आपल्या तोंडानं सांगते, मी अथी हाय म्हणून."

मग जुन्या गॅसवर बंधनं आली. त्यानं आभाळातल्या थराला भोक पडतं म्हणे. सिलिंडर मिळेनासं झालं, आणि नव्या मशीनमध्ये नव्या नंबरांचे गॅस यायला लागले. प्रत्येकाचं तेल निराळं, दाब मोजायचे काटे निराळे. हे चिडायचे.

"अकोल्याच्या चार फ्रीजनं आभाय फाटते काय? मंग हा उन्हाया कोणाच्या गॅसनं तापून राहिला?"

"मले काय विचारता? ज्यानं नियम काढला त्याले विचारा," मी म्हणायची.

"तो एसीत बसेल असन."

गॅसच्या दुकानदारानं सांगितलं की अमरावतीला दोन दिवसांचं शिक्षण आहे, फुकट आहे, जाऊन या. यांना ते अपमानासारखं वाटलं. पण मी पाठ सोडली नाही. शेवटी एक दिवस सकाळच्या गाडीनं गेले. मी डब्यात भाकरी आणि झुणका दिला. त्याच रात्री जेवणाच्या वेळेला परत आले.

"काहून? दोन दिवसाचं होतं ना?"

"मले एका दिवसात समजलं."

"काय समजलं?"

"समजलं म्हनलं ना वं. भात वाढ."

मी भात वाढला. आता वाटतं, त्या दिवशी आणखी दोन प्रश्न विचारायला हवे होते.

तो फ्रीजर आला हिवरखेडहून, उन्हाळ्यात. दही-लस्सीवाल्याचा, आडवा, वरून झाकणाचा. टेम्पोतून उतरवला तेव्हा आंबट दुधाचा वास दहा हातांवर येत होता. पाठीमागची, गॅसचं नाव लिहिलेली पट्टी उन्हापाण्यानं पार पुसून गेली होती. मी सोडा टाकून पाणी केलं, ब्लेड घेतलं आणि बसले. लस्सीच्या जाहिरातीचे तीन कागद निघाले. मागच्या बाजूला, खाली, एक पिवळा त्रिकोण होता. त्यात काळी ज्योत काढलेली. मला वाटलं, उन्हात ठेवू नका असं काहीतरी असेल. कंपनीवाले काय काय चिकटवतात. तो पक्का होता, निघता निघेना. मी त्याच्यावर जास्त जोर लावला.

खरं सांगते, तो निघाला तेव्हा मला बरं वाटलं.

झाकण लावून फ्रीजर वाळत ठेवला. जेवणं झाल्यावर यांनी बाहेरच्या सांध्यांना साबणाचा फेस लावून पाहिला. बुडबुडा नाही. म्हणजे गळती आतमध्ये. "दिवा आन," म्हणाले. मीच नेऊन दिला. यांनी झाकण उचललं, दिवा पेटवला आणि आत वाकले, अगदी तळाशी, विहिरीत वाकून बघतात तसं.

आवाज मोठा नव्हता. एक भक्क झालं, बस. निंबाची खालची पानं करपली. हे मागे येऊन माझ्या टाकीवर आदळले, दोन्ही हात समोर धरलेले, जसे कोणाला काही द्यायचेत.

दवाखान्यात चांदूर रेल्वे गावचा एक मिस्त्री भेटायला आला. आमच्यापेक्षा बराच लहान, यांना उस्ताद म्हणणारा. हे औषधाच्या गुंगीत होते. तो मला बाहेर घेऊन गेला.

"काकू, नव्या फ्रीजरमंधी तो चुलीवानी पेटनारा गॅस असते. जड असते, खाली तयाले जाऊन बसते. दिवा न्यायचाच नाई, त्याईनं सांगतलं होतं ना अमरावतीले."

"हे होते ना तथी?"

तो चपलेकडे बघायला लागला. "फारम भराले देल्ला होता. उस्ताद म्हने चष्मा इसरला. सायबानं सगळ्याईसमोर म्हनलं, बाबा, अंगठा लावा मंग. जेवण झाल्यावर उस्ताद दिसले नाई. पेटनाऱ्या गॅसचं तं दुपारच्याले शिकवलं. म्या संध्याकाई बडनेऱ्याले पाह्यले, फलाटावर बसेल होते एकटे." मग म्हणाला, "पन काकू, पिवळा तिकोना असते ना मशीनवर. आगीचा. थो नोता काय?"

मी म्हणाले, "मले काय मालूम बापू."

घरी येऊन पाहिलं. तो त्रिकोण टाकीच्या काठाला चिकटून वाळला होता. मी चहापत्तीच्या डब्यात तळाशी ठेवला आणि वरून पत्ती ओतली.

यांचा डावा डोळा गेला. बोटं आकसून एकमेकांना चिकटली. ते सोसलं त्यांनी. पण दुसरंच एक धरून बसले. त्या मिस्त्र्यानं त्रिकोणाचं त्यांनाही सांगितलं होतं. तेव्हापासून रोज एकच.

"आगीचं चित्र व्हतं म्हने. येवढं मोठं. मले दिसलं कसं नाई? माह्यं डोस्कंच गेलं वं."

दुकानाकडे फिरकायचं बंद केलं. कोणी सल्ला विचारायला आलं तर म्हणत, "मले नोको इचारू, मी कामाचा नाई राह्यलो." जन्मभर ज्या नजरेवर जगले तिच्यावरचा विश्वास उडाला. मी एका शब्दानं तो परत देऊ शकत होते. आणि मी चार महिने चहा करत राहिले, रोज त्याच डब्यातून.

एका सकाळी पत्ती संपत आली आणि चमचा त्याला लागला. मी तो बाहेर काढला आणि यांच्या पुढ्यात ठेवला.

"तुमाले दिसला नाई, कारन तो नव्हताच. म्या खरवडला. ब्लेडनं."

ते खाली वाकून उरलेल्या डोळ्यानं तो बघायला लागले. मी शिव्यांची वाट बघत होते. शिव्या बऱ्या असतात.

"असता तरी पेटवलाच असता म्या," ते म्हणाले. "माह्या दिव्याले कोन सांगनार?"

हे खरं होतं की माझ्यासाठी म्हणाले, मला अजून माहीत नाही. विचारायची छाती नाही.

मग म्हणाले, "दिवा कुठी हाय?"

मी शेडमधून दिवा आणला. काळा पडलेला. त्यांनी आकसलेल्या मुठीनं तो त्रिकोण माझ्याकडे सरकवला.

"चिपकव त्याच्यावर."

मी लावला. गोंद कधीच गेला होता, तो गळून जमिनीवर पडला. मी उचलून पुन्हा लावला आणि अंगठ्यानं दाबून धरून बसले.