काळ्याला राखाडी करणारा कॅमेरा

फोटो कधी रॉमध्ये काढायचे आणि कधी जेपेगमध्ये, हे मी ठरवते. कॅमेऱ्याची कंपनी नाही, आमच्या स्टुडिओचे मालक नाहीत, आणि मोबाईलवर व्हिडिओ बघून शहाणे झालेले गिऱ्हाईकांचे भाचे तर मुळीच नाहीत. हे असं तोंडावर सांगत आल्यामुळं कोल्हापुरात माझी ओळख 'ती भांडखोर फोटोवाली' अशी आहे. असू दे.

सगळंच रॉमध्ये काढावं इतकी मी खुळी नाही. पुढाऱ्याचा वाढदिवस असला आणि केक कापला की लगेच चौकात डिजिटल बोर्ड चढवायचा असला, तर जेपेग. दुकानाचं उद्घाटन, शाल-श्रीफळ, गॅदरिंग, सगळं जेपेग. तिथं कुणाला चेहरा नको असतो, हजेरी लागलेली दिसली म्हणजे झालं. हळद असली तर मात्र रॉ, कारण पिवळ्या मांडवात पिवळी माणसं बघून कॅमेरा बिथरतो आणि नवरीला निळसर करून ठेवतो. आणि समोर कुणी काळं असलं तर रॉच. यावर मी चर्चा करत नाही.

रॉ म्हणजे काय, हे मी लोकांना गंगावेशीतल्या दुधावरून सांगते. तिथं म्हशीची धार समोर काढून पेला हातात देतात. ते दूध घरी न्या, दही लावा, नाहीतर बासुंदी करा, तुमची मर्जी; आणि रॉचा पेला असा, की काहीही केलं तरी मूळ दूध त्यात तसंच राहतं. जेपेग म्हणजे कॅमेऱ्यानं आतल्या आत बासुंदी आटवून, स्वतःच्या चवीनं साखर घालून दिलेली. तिचं परत दूध होत नाही. एवढं सांगितलं की इथल्या माणसाला कळतं. आमच्या मालकांना अजून कळलेलं नाही.

"मॅडम, आपल्याला आल्बम द्यायचाय, प्रदर्शन भरवायचं न्हाई," ते म्हणतात. रॉच्या फाईली जड असतात, कार्ड भरून जातं, कॉम्प्युटर धापा टाकतो, आणि वर एकेक फोटो बसून तयार करावा लागतो. त्यांचं सगळं म्हणणं खरं आहे. मी तरीही ऐकत नाही.

यामागं राग आहे, आणि तो सांगायची मला लाज वाटत नाही. मी काळी आहे. सावळी, गव्हाळ, निमगोरी हे शब्द पाहुण्यांना सांगायला ठेवलेले असतात. मी सरळ काळी आहे. शाळेच्या ओळखपत्रापासून प्रत्येक फोटोवाल्यानं मला न विचारता उजळ केलं. माझ्यासाठी स्थळं बघायला लागले तेव्हा आईनं जो फोटो वाटला, त्यात मी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी होते. नेसरीहून पाहुणे आले. मी पोहे घेऊन बाहेर आले, तर त्यांच्यातल्या एक बाई माझ्या खांद्यावरून आतल्या खोलीकडं बघायला लागल्या. फोटोतली मुलगी अजून यायचीय, असं त्यांना वाटलं. मला त्या बाईंपेक्षा फोटोवाल्याचा राग जास्त आला. बाई बिचाऱ्या दाखवलं होतं तेच शोधत होत्या.

आता म्हशीचं सांगते, कारण मालकांशी माझं खरं वाजलं ते तिथून.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी नटतात. शिंगांना रंग, डोक्यावर मोरपिसं, गळ्यात घुंगरं, पाठीला तेल. म्हशीचा धनी बुलेटचा सायलेन्सर गरजवत पुढं सुटतो आणि म्हस त्याच्या मागं धावते. कळंब्याच्या एका दूधवाल्या मामांना आपल्या म्हशीचा फोटो बोर्डावर लावायचा होता. मालक स्वतः आले आणि जेपेगमध्ये काढायला लागले. मी शेजारी उभी राहून रॉमध्ये काढत होते. मालकांनी मोठ्या हौसेनं कॅमेऱ्याची स्क्रीन मामांपुढं धरली.

"ही कुणाची म्हस?" मामांनी विचारलं.

"तुमचीच की."

"आमची म्हस असली राखाडी हाय व्हय? सकाळधरनं तेल चोळतोय मी तिला. धुळीत लोळल्यागत केलीसा की."

पुढं मामांनी जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. पण त्यांचं चुकत नव्हतं. कॅमेऱ्याला वाटतं, जगात सगळं बेताच्या उजेडाचं असावं. काळंभोर काही दिसलं की तो त्याला ओढून राखाडी करतो. मालकांनी उजेड कमी केला, तर म्हशीच्या जागी नुसता काळा डाग आणि त्यावर दोन रंगीत शिंगं. पुन्हा वाढवला, तर म्हशीशेजारी उभ्या मामांचा पांढरा शर्ट उन्हात पार उडून कोरा झाला. मी शर्ट सांभाळून उजेड कमीच ठेवला होता, आणि संध्याकाळी स्टुडिओत बसून त्या काळ्यातून म्हस बाहेर काढली. पाठीवरची तेलाची चकाकी, मानेच्या वळ्या, नाकपुडीवरचा ओलावा, सगळं होतं आणि सगळं काळंच होतं. मामा फोटो बघायला स्टुडिओत आले आणि स्क्रीनला नाक लागेल इतके वाकले.

"हां," ते म्हणाले. "ही आमची म्हस."

जाताना त्यांनी मालकांना बजावलं, की पोरीचं लग्न ठरतंय, फोटोला ह्याच ताई पाहिजेत. मालक हसले, पण ते त्यांना लागलं होतं.

लग्न उन्हाळ्यात झालं. मुलगी वडिलांच्या वळणावर गेलेली, काळी, तरतरीत. हसली की कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळी हसायची. हळदीपासून अक्षतांपर्यंत मी रॉमध्ये काढलं. वरात मालकांनी काढली, जेपेगमध्ये आणि समोरून भडक फ्लॅश मारून. त्या फोटोंत तिच्या कपाळाच्या जागी कोरा कागद आहे. तिथं आता काही करता येत नाही, कारण तिथं काही उरलेलंच नाही.

आल्बमचे फोटो निवडायला मामा आले, मुलगी आली, आणि तिच्यासोबत तिच्या नवऱ्याची आत्या आली. सासर कागलचं. नवऱ्याला कामावरून सुट्टी नव्हती, म्हणून आत्याबाईंना पाठवलं होतं. मी कॉम्प्युटरवर एकेक फोटो दाखवत होते. आत्याबाई चांगल्या मनाच्या होत्या, सगळ्याचं कौतुक करत होत्या.

"फोटो झ्याक हायती," त्या म्हणाल्या. "पर पोरीला जरा उजळ करा की. सगळ्याच फोटोत. आमच्याकडं आलं-गेलं लई असतंय, आल्बम बघत्यात."

"त्यात काय, आत्ता करून देतो," मालक म्हणाले.

"मी नाही करणार," मी म्हणाले.

"मॅडम, उठा तिथनं."

मी उठले. मालक खुर्चीत बसले आणि त्यांनी चेहरा उजळ करायचा स्लायडर ओढला. रॉ कुणाचंही ऐकतं, हे मला तेव्हा फार टोचलं. ज्या फाईलमधून काळ्यातलं काळं निघतं, तीच फाईल कुणी ओढली तर मुकाट गोरीही होते. बघता बघता मुलीच्या गालावरची हळदीची झाक गेली, हनुवटीवरचा तीळ गेला, डोळ्यांभोवतीचं हसू गेलं. दागिने तेवढे तिचे राहिले.

मी मामांकडं वळले. "मामा, म्हस राखाडी दिसली तेव्हा मालकांना केवढं बोलला होता. आता का गप्प बसलाय?"

मामांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "म्हशीचं येगळं असतंय, ताई. म्हस बघाय येणारा काळीच मागतो. पोरगी बघाय येणारा..."

मुलगी शेजारीच बसली होती. पुढचं त्यांनी गिळलं. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. माझा तो फोटो वाटताना आईच्याही पोटात हेच भय असणार. पण भय कळलं म्हणून त्याच्यापुढं मान तुकवायची, हे मला जमत नाही.

"मी काढलेला एकही फोटो असा जाणार नाही," मी मालकांना म्हणाले. "गेला तर उद्यापासून मी येणार नाही."

"नका येऊ," मालक म्हणाले. त्यांनी मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. पुढचा फोटो उघडला आणि तोही ओढला.

आत्याबाईंना अवघडल्यासारखं झालं. "अगं बाई, एवढं काय त्यात? उजळ दिसली तर कुणाचं काय जातंय? उद्या लोकं म्हणायला नकोत, की..."

"लोकांनी मांडवात बघितलंय की मला," मुलगी म्हणाली.

ती उठून स्क्रीनजवळ गेली आणि त्या चेहऱ्याकडं वाकून बघायला लागली.

"अख्खं कागल जेवून गेलंय, आत्या. आता ही कोण दाखवायची त्यास्नी?"

"तुझ्याच भल्याचं सांगत्या, बाळा."

"माझं भलं मी बघतो की. तुमच्या घरात मी ऱ्हाणार हाय, का ही?"

आत्याबाईंनी मामांकडं बघितलं. मामांनी टोपी परत डोक्यावर घातली. मालकांचा हात माऊसवर तसाच होता. मग ती स्क्रीनवरच्या त्या चेहऱ्यावर बोट ठेवून माझ्याकडं वळली.

"ताई, माझं तोंड परत येतंय न्हवं ह्यातनं?"

"येतंय," मी म्हणाले, आणि मालकांच्या हाताखालून माऊस काढून घेतला.