सातव्या नगाच्या पुढचे

आमच्या आप्पांनी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत तीस वर्षं एकच काम केलं. ओतून आलेला नग पाटावर ठेवायचा, हातोडीनं हलकेच ठोकायचा आणि ऐकायचं. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर आत चीर. बद्द वाजलेल्यावर खडूनं फुली मारायची आणि पुढचा घ्यायचा. शेवटचा नग वाजल्याशिवाय आप्पा चहालासुद्धा उठायचे नाहीत. घरीही तीच खोड. मडकं वाजवून, नारळ वाजवून. माझ्यासाठी आलेलं स्थळसुद्धा हे वाजवून बघतील, असं आई म्हणायची.

मी डिप्लोमा करून बेळगावात एका छोट्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात लागले आणि माझ्या हातात पहिलं काम आलं ते आप्पांच्याच फौंड्रीचं. मालकांनी आवाज मोजणारं यंत्र आणलं होतं. यंत्र प्रत्येक नग ठोकून एक आकडा द्यायचं. ते आकडे एका ॲरेत, म्हणजे ओळीनं लावलेल्या यादीत, भरायचे आणि सगळे नग पास आहेत का, ते माझ्या प्रोग्रॅमनं सांगायचं. मी 'एव्हरी' नावाचं तयार फंक्शन वापरलं. एका ओळीचं काम! ते पहिल्या आकड्यापासून तपासत जातं आणि नापास आकडा भेटला की तिथंच थांबून 'नाही' म्हणतं. जिथं थांबलं तो नंबर चिठ्ठीवर छापायची सोयही मी केली. केवढा अभिमान वाटला होता मला त्याचा!

घरी आप्पांना लॅपटॉपवर दाखवलं.

"एक नापास आला की थांबतंय व्हय? आणि फुडचे?"

"आप्पा, एक नापास झाला म्हणजे सगळे पास नाहीत. उत्तर मिळालं की. पुढचे बघून काय करायचं?"

"एका शितावरनं भात कळतोय गं, ओतकाम कळत न्हाय. एक बद्द निघालं की फुडचं जास्त कान दिऊन ऐकायचं असतंय."

मी हसले. चांगली मोठ्यानं हसले. आता लिहिताना लाज वाटते.

दोन महिन्यांनी चाळीस नगांच्या एका लॉटची चिठ्ठी निघाली, 'नापास : नग सात'. पॅकिंगवाल्यांनी सातवा बाजूला काढला आणि उरलेले एकोणचाळीस पेट्यांत भरले. यंत्र आलं तरी माल कानानं पारखून सोडायची जबाबदारी आप्पांचीच होती; चिठ्ठीवर त्यांनी सही केली. फक्त सातवाच खराब, असा अर्थ पॅकिंगवाल्यांनी लावला होता. सातव्याच्या पुढं बघितलेलंच नाही, हा तिचा खरा अर्थ. सातवा काढून बाकीचे पुन्हा तपासायला हवेत, हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं.

माल परत आला. त्यातल्या अकरा नगांना चीर होती.

"अण्णा, कान गेले तुमचे," मालक सगळ्यांसमोर आप्पांना म्हणाले, "उद्यापासनं गेटवर बसा."

आप्पांनी हातोडी डब्याच्या पिशवीत टाकली आणि घरी आले. घरी आईनं विचारलं तर "वय झालं गं" एवढंच म्हणाले आणि डब्याच्या पिशवीतली हातोडी काढून खिडकीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी माझी ती ओळ उघडली. यादीत दोन नापास आकडे घालून बघितलं. प्रोग्रॅमनं पहिलाच दाखवला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं शहाणी मी आणि रिकामे बसले आप्पा.

आणि तरी मी आठ दिवस मूग गिळून बसले. नोकरी नवी होती, जाईल म्हणून भ्याले. दुसरं कारण नाही, उगाच कशाला शोधू? रोज सकाळी आप्पा मोटरसायकल पुसायचे, डबा घ्यायचे आणि गेटवर बसायला जायचे. हातोडी खिडकीतच असायची. त्या खिडकीकडे बघायची माझी छाती होत नव्हती.

नवव्या दिवशी मी फौंड्रीत गेले. गेटवरून आप्पांनाही आत घेऊन गेले आणि मालकांना सांगितलं, की चूक यांच्या कानांची नाही, माझी आहे. सातव्याच्या पुढचे नग माझ्या प्रोग्रॅमनं तपासलेच नाहीत. आता तो बदललाय. यादीच्या शेवटपर्यंत जातो आणि नापास असतील तेवढे सगळे छापतो.

मालकांनी जुनी चिठ्ठी मागवली. 'नग सात'वर बोट ठेवलं.

"अण्णा, उद्यापासनं तुमच्या जागेवर या," ते म्हणाले. मग चिठ्ठी त्यांच्यापुढं धरून, "तुम्हाला ठावं होतं हे? मशीन सातव्यावर थांबलंय म्हणून?"

"व्हय."

"मग पुढचे वाजवून का न्हाय बघितले? तीस वर्षांत एक नग सोडला न्हाय तुम्ही."

आप्पा माझ्याकडे बघेनात. हातातली टोपी नुसती फिरवत राहिले.

"पोरीचं काम हुतं ते, साहेब," ते म्हणाले. "ते कसं वाजवून बघू?"