कपाळाला हात लावलेलं लेकरू

अकोल्यात मी सोनोग्राफी करायची, ती कापसाचे भाव पडल्याची वर्षं होती. पेशंट टेबलावर आडवी झाली की आधी भावाचं सांगायची, मग पोटाचं.

हिवरखेडहून आलेल्या एकीचं सात महिन्यांचं लेकरू पडद्यावर चक्क कपाळाला हात लावून बसलेलं. मी म्हटलं, "यानं कापसाचा भाव ऐकलेला दिसते." ती इतकी हसली की पोट हलून मला चित्र पुन्हा धरावं लागलं.

तेव्हा अमरावतीची माझी डॉक्टर मैत्रीण अशी चित्रं जमवत होती, जगात कुणालाही फुकट वापरता यावीत म्हणून. त्यांवरून कॉम्प्युटरला गर्भाचं डोकं मोजायला शिकवायचं होतं. अट अशी की आईची संमती हवी आणि चित्रावर तिचं नाव नको. या हिवरखेडवालीनंही सही केली. मी शेकडो चित्रांतल्या नावांवर काळ्या पट्ट्या ओढल्या, त्याही नक्कल न ठेवता मूळ चित्रांवरच. मशीनमधली जुनी चित्रं जागेसाठी आधीच पुसलेली. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

चार महिन्यांनी ती एकटीच आली. लेकरू जन्मतानाच गेलं होतं. तपासणीच्या दिवशी मी मशीनमधून काढून दिलेला चकचकीत फोटो तिनं देव्हाऱ्यात ठेवला, आणि समईच्या धगीनं तो पार काळा पडला. तो कागद उष्णता सोसत नाही, हे सांगायचं माझं काम होतं. मी सांगितलं नव्हतं.

"मॅडम, दुसरा काढून द्या. मले त्याचं तोंड आठवेनासं होऊन राहिलं."

मला तिच्याकडे बघवेना. नावानं शोधायची सोय मीच मिटवली होती. तिला शेजारी बसवलं आणि एकेक चित्र उघडत गेले. बाहेर पेशंट कुरकुरल्या, त्यांच्यावर खेकसले. दुपार टळली तेव्हा तिनं पडद्यावर बोट ठेवलं.

"हे पाहा. भाव ऐकून राहिलं."

दोघीही रडलो. मग मी विचारलं, "कॉम्प्युटरला शिकवायच्या त्या चित्रांतून हे काढून टाकायला सांगू का?"

"काहून? कोनाच्या लेकराच्या कामी येत असन तर येऊ द्या."

फोटोवाल्याकडून चांगल्या कागदावर प्रत काढून आणली. काळ्या पट्टीखाली मी पेनानं तिचं नाव लिहिलं. तिनं पेन मागून घेतलं आणि त्याखाली, सावकाश, लेकरासाठी ठरवून ठेवलेलं नाव लिहिलं.