उंबराखालची लाईन

मुलांनो, मागच्या रविवारी फोनवर थोरलीने सांगितलं, की शहराबाहेर घेतलेल्या नव्या घरात बाथरूमचं पाणी उतरत नाही. मागच्या अंगणात सेप्टिक टँक आहे, प्लंबर येतो, दुरुस्त करून जातो आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. मग तिने विचारलं, "आजी, भूगावला तुम्ही काय करत होतात?" धाकट्याला त्या प्रश्नाचं हसू आलं. मी म्हटलं, लिहून कळवते. सल्ला म्हणून हे फारसं उपयोगाचं नाही. पण ज्या तिघांना ही हकिगत पुरती माहीत होती त्यांच्यातली मी एकटीच उरले आहे, आणि हल्ली दुपारी लिहायला वेळ असतो.

भूगावची जागा तुमच्या आजोबांनी अठ्ठ्याण्णव साली घेतली. सगळी नोकरी शहरातल्या तिसऱ्या मजल्यावर राहून झाली होती. त्यांना निवृत्तीनंतर जमिनीवर राहायचं होतं आणि तिथून पुन्हा कुठे जायचं नव्हतं. मला कॉलेजच्या लायब्ररीतून सुटल्यावर एवढंच हवं होतं, की घरातली प्रत्येक गोष्ट मुकाट्याने आपापलं काम करील. आम्हा दोघांच्या या इच्छा एका घरात मावतील असं तेव्हा वाटलं होतं.

जागा ज्यांच्याकडून घेतली ते शेतकरी कुटुंब शेजारीच राहत होतं. आमच्या कुंपणापलीकडे त्यांचा बांध, बांधापलीकडे भातखाचर. त्या घरातली कर्ती बाई माझ्याच वयाची. मी तिला वहिनी म्हणायचे, ती मला बाई म्हणायची. आजोबा तिचे साहेब.

घराच्या एका बाजूला कातळ होता, त्यामुळे टाकी मागच्या कोपऱ्यात खणली. बाथरूमपासून तिथवर गवंड्याने चिनी मातीचे पाइप घातले. आखूड आखूड तुकडे, सांध्याला सिमेंट. टाकीतलं पाणी पुढे शोषखड्ड्यात मुरायचं. निदान उन्हाळ्यात मुरायचं. आषाढात ताम्हिणी घाटाकडून पाऊस यायला लागला, की खड्डा पावसाच्याच पाण्याने भरायचा. मग संडासात ओतलेलं पाणी खाली जाण्याऐवजी वर चढायचं आणि विचारात पडल्यासारखं तिथेच थांबून राहायचं. आम्ही पाऊस उघडायची वाट पाहायचो. कढईतलं तेल आधी कागदाने पुसायचं, जाळीवरचे केस रोज काढायचे, भाताची पेज झाडांना घालायची, असं सगळं मी काटेकोर करत होते. त्याने काही वाईट झालं नाही, पण पाऊसही थांबला नाही.

तिसऱ्या की चौथ्या उन्हाळ्यात बाथरूमच्या चेंबरपासून थोड्या अंतरावर एक रोप दिसलं. त्या वर्षी विहीर आटली होती, आम्ही टँकरचं पाणी घेत होतो, अंगणातली तुळससुद्धा करपली होती. हे रोप मात्र हिरवंगार. आजोबांनी पान उलटंसुलटं करून पाहिलं आणि मला हाक मारली. उंबर होता.

उंबर आपणहून उगवतो तिथे खाली पाणी असतं, हे आपल्याकडे कोणालाही विचारा. आजोबा कारखान्यात मशीनवर आयुष्य काढलेले गृहस्थ, देवाधर्माचे फारसे नाहीत. पण टँकरवाल्याची वाट बघून बघून माणूस कशावरही विश्वास ठेवतो. वहिनींनी येऊन रोपाला हळदकुंकू वाहिलं आणि दत्तमहाराजांनी जागा घेतली म्हणून सांगितलं. दर गुरुवारी त्या तिथे दिवाही लावायला लागल्या. मग एक पाणाड्या आला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो अंगणभर फिरला, आणि उंबरापाशी नारळ उभा राहिला. तो मी माझ्या डोळ्यांनी उभा राहिलेला पाहिला.

बोअर घेण्याआधी थोडं खणून बघू, असं ठरलं. दोन गडी लावले. कमरेइतकं खोल गेल्यावर माती ओली लागली, मग खरोखर पाणी झिरपायला लागलं. वहिनी आरतीचं ताट घेऊन तयारच होत्या. आजोबा खड्ड्याच्या काठावर ओणवे झाले, ओंजळ भरून वर आणली आणि तशीच धरून राहिले. वास आम्हा सगळ्यांना एकदमच आला.

मग वहिनींनी ताट खाली ठेवलं, पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "अवो साहेब, तुमचंच पानी तुमाला घावलं की."

त्या बांधावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. आजोबाही हसले, पण हात धुऊन आल्यावर. चिनी मातीच्या पाइपाचा सांधा फुटला होता, आणि तो उंबर आमच्या बाथरूमच्या पाण्यावर वाढत होता. सांधा सिमेंटने बुजवला. खड्डाही बुजवला. मला वाटलं, आता वहिनी दिवा लावायच्या बंद होतील. पुढच्या गुरुवारी त्या निरांजन घेऊन आल्याच. मी म्हटलं, वहिनी, हे कशावर वाढलंय ते तुम्ही पाहिलंत ना. त्या म्हणाल्या, "पाहिलं की. झाडाला कुटं इटाळ अस्तो?" आणि प्रदक्षिणा घालायला लागल्या.

इथून पुढे जे झालं ते कंटाळवाणं आहे आणि ते बरीच वर्षं चाललं. बुजवलेला सांधा उंबराने पुन्हा उघडला. मग त्याच्या पुढचा. आधी वर्षातून एकदा, मग तीनचार महिन्यांनी पाणी तुंबायला लागलं, आणि आता ते पावसाळ्याचीही वाट पाहत नव्हतं. भूगावातला एक माणूस मोटरसायकलवर बांबूच्या लांब कामट्या बांधून यायचा. चेंबरचं झाकण काढून कामटी आत घालायची, पिळायची आणि ओढायची. पहिल्यांदा त्याने पाइपातून मुळ्यांचा जो झुपका ओढून काढला तो एखाद्या बाईच्या शेपट्यासारखा होता, काळा, बारीक, हातभर लांब. त्याने तो अंगणात टाकला आणि मला म्हणाला, मॅडम, आज काढलंय, पर ह्यो परत येनार. तो खोटं बोलला नाही. दर वेळी तो हेच म्हणायचा आणि जाताना, पुन्हा बोलवा, असंही म्हणायचा.

तो गेल्यावर बाथरूम धुवायचं काम माझं. फिनेल, खराटा, गरम पाणी. कामाला येणारी बाई त्या दिवशी हमखास यायची नाही आणि मी तिला दोष देत नाही. ते धुऊन झाल्यावर मी अंघोळ करायचे आणि तरी जेवताना हाताला वास यायचा. या कामात शिकण्यासारखं काही नसतं. ते फक्त पुन्हा करायचं असतं.

झाड काढलं पाहिजे, हे मला स्वच्छ दिसत होतं. आजोबा हो-नाही काही म्हणत नव्हते. कामटीवाला म्हणाला, आपुन उंबराला हात लावत न्हाई. शेवटी मी ताम्हिणीकडचा एक लाकूडतोड्या बोलावला. तो कुऱ्हाड घेऊन आला, झाडाकडे पाहिलं, कुऱ्हाड खाली ठेवून पायरीवर बसला, चहा प्यायला, एसटी किती वाजता आहे ते विचारलं आणि निघून गेला.

दोन हजार पाच साली आजोबांची उजवी बाजू लुळी पडली. बोलणं राहिलं, डोकं राहिलं, पण चालताना धरावं लागायचं आणि संडासला वेळेवर नेणं हे घरातलं मुख्य काम झालं. अशा घरात पाणी तुंबतं तेव्हा काय होतं ते मी लिहीत नाही. एवढंच सांगते, की एका सकाळी मी त्यांना खुर्चीवर बसवून खाली बादली ठेवली आणि त्यांनी टॉवेलने तोंड झाकून घेतलं.

तुमचा बाबा फोनवर रोज म्हणायचा, घर बंद करा, कोथरूडमध्ये चांगला फ्लॅट बघतो, लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे. तो बरोबरच सांगत होता. मी आजोबांना सांगितलं, की पुढचा पावसाळा माझ्याच्याने इथे होणार नाही. ते भिंतीकडे बघून म्हणाले, "तुला जमत नसेल तर जाऊ. पण मला तिथे नेऊन मग किती दिवस जगवणार आहेस?"

ते रागाने बोलले नव्हते. हिशेब विचारावा तसं विचारलं होतं. मी उठून बाथरूम धुवायला गेले.

त्या गुरुवारी वहिनी दिवा घेऊन आल्या तेव्हा मी मागच्या दारात खराटा धुत होते. त्यांनी विचारलं, "बाई, तुमी जानार म्हनं?"

मी सांगितलं, की झाड जाईल नाहीतर आम्ही जाऊ. पाइप दुसरीकडून न्यायला जागाच नाही. इकडे कातळ, इकडे घराची भिंत आणि मधे तुमचा दत्त. माझ्या आवाजात काही गोडवा नव्हता. त्यांनी दिवा लावला, प्रदक्षिणा घातल्या आणि माझ्याकडे न बघता गेल्या. मला वाटलं, दुखावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या कुंपणापलीकडे बांधावर उभ्या होत्या. त्यांचा थोरला मुलगा टिकाव खांद्यावर घेऊन मागे, तोंड वाकडं करून. तेव्हा तिथली जमीन गुंठ्यागुंठ्याने विकली जात होती आणि त्या खाचराचं बोलणं एका बिल्डरशी चाललं होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

वहिनींनी पायाने बांधावर रेघ ओढली. "हितनं न्या तुमची लाईन. उंबराला वळसा घालून."

मुलगा म्हणाला, "आये, बिल्डर काय म्हनंल? बांधाखाली संडासाचा पाइप?"

"बिल्डर मोजाया आला की मला बोलीव." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "झाडाला हात न्हाई लावायचा. आन् साहेबास्नी हितनं न्हाई न्यायचं. मला शेजाराला ह्या वयात नवं मानूस नगं."

मी हो म्हटलं. कागद केला नाही. आजोबांना खिडकीतून सगळं ऐकू गेलं होतं. मी आत गेले तेव्हा ते म्हणाले, "प्लास्टिकचा पाइप घाल. चिनी मातीचा नको." आजारी पडल्यापासून त्यांनी घरातल्या कुठल्याही कामाबद्दल पहिल्यांदाच काही सांगितलं होतं.

पाऊस उघडल्यावर काम झालं. पाइप कुंपणाखालून बांधात शिरला, उंबराला लांबून वळसा घालून परत आमच्या हद्दीत आला आणि टाकीला मिळाला. आजोबा खुर्ची टाकून समोर बसले होते आणि पाइपाला उतार पुरेसा नाही म्हणून त्यांनी दोनदा काम उकरायला लावलं. गडी वैतागले. वहिनींचा मुलगाही वैतागला, पण उकरायला त्यानेच मदत केली.

तुंबणं पूर्ण थांबलं, असं मी म्हणणार नाही. आषाढात शोषखड्डा भरायचा तो भरायचाच, आणि आम्ही पूर्वीसारखी उघडिपीची वाट पाहायचो. पण ती एक-दोन दिवसांची गोष्ट होती, तेवढी मला झेपत होती. बादली मी पुन्हा बाहेर काढली नाही. मी थकलेलीच होते, त्यात काही फरक पडला नाही. आजारी माणसाचं करताना थकवा येतो, पाणी उतरो की न उतरो.

आजोबा दोन हजार दहाच्या फेब्रुवारीत गेले, त्याच घरात, मागच्या खोलीत. त्यानंतर मी तुमच्या बाबाने सांगितलेल्या फ्लॅटमध्ये आले. वहिनींचं खाचर त्याआधीच बिल्डरकडे गेलं होतं, पण बांध त्यांनी विकू दिला नाही. पुढे त्याही गेल्या.

भूगावचं घर अजून आपलं आहे. हिंजवडीत नोकरी करणारं, नांदेडकडचं एक जोडपं तिथे भाड्याने राहतं. उंबर दुमजली घराएवढा झाला आहे. वहिनींच्या मुलांनी तो बांध अजून मोकळा ठेवला आहे, आणि त्याखालून लाईन चालू आहे.