दारावरची वर्तुळं
परवा पेट्रोल पंपाशेजारी कोणीतरी गाडीला पॉलिश लावत होतं, आणि त्या गोडसर, रॉकेलासारख्या वासानं मला एकदम भिंगारच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. आमची काळी गाडी उन्हात उभी केली की तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळं चमकायची, म्हणून मी ती पॉलिशला नेली होती. आईही हौसेनं सोबत आली होती. कारागिरानं दारावर दिवा धरला आणि म्हणाला, "ताई, रोज कोरड्या फडक्यानं पुसतंय कोणीतरी. धूळ घासली जाते, त्याच्या रेघा हायेत ह्या." मी आईकडे पाहायचं टाळलं. सकाळी चहाच्याही आधी जुन्या लुगड्याच्या फडक्यानं गाडी पुसणारी तीच होती. तिचा हात पोचायचा तिथपर्यंतच वर्तुळं होती, टपाचा मधला भाग नव्यासारखा होता. मशीन फिरलं, वर्तुळं गेली, वरून कोटिंग चढलं, आणि काळ्याभोर दारात आम्ही दोघी आरशात दिसावं तशा दिसलो. निघताना त्यानं आईच्या हातात एक मऊ, लोकरीसारखं कापड दिलं. "आजी, गाडी धुऊन मग ह्यानंच पुसा." आईनं ते गालाला लावून पाहिलं. "लई मऊ हाय गं," ती मला म्हणाली, "ह्यानं का कुनी गाडी पुसतं?" दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पुन्हा तेच लुगड्याचं फडकं फिरत होतं. आता आई नाही. ते कापड तिच्या कपाटात, चांगल्या साड्यांमध्ये, घडीसुद्धा न मोडलेलं आहे. आणि दारावर पुन्हा उमटलेली वर्तुळं मी कुणाला काढू दिलेली नाहीत.