राबाचा धूर

ठमाबाईंच्या भातशेतावरच आमची सोसायटी उभी आहे. ठाकुर्लीकडची ही जमीन त्यांच्या मुलांनी बिल्डरला दिली, बदल्यात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. जेसीबी येण्याआधी ठमाबाईंनी शेतातली माती पोत्यांत भरून घेतली. ती पोती बरीच वर्षं उन्हापावसात पडून होती. शेवटी त्यांनी ती माती गच्चीवर विटांच्या वाफ्यात टाकली, पण तीत साधी मेथीसुद्धा उगवेना.

मी सुमती, शाळेतून निवृत्त झालेली विज्ञानाची बाई. गच्चीवर सेंद्रिय बागेचा वर्ग घेते. कुणी दुकानातून युरिया आणला की माझं डोकं फिरतं. ठमाबाई पहिल्याच दिवशी येऊन म्हणाल्या, "बाई, माझी माती जिती करून द्या. आमचा म्हातारा सांजचा वाफ्याशी येऊन बसतो. माती मेली म्हून त्याला जाता येत नाय."

म्हातारा म्हणजे त्यांचा नवरा काळुराम. शेत गेलं त्याच वर्षी तोही गेला. मी भुताखेतांना भीक घालत नाही. म्हटलं, "माती जिवंत करू. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

कामाला मात्र बाई वाघ. वाळका पाला, शेण, भाजीची देठं, थरावर थर लावत गेल्या. माती उघडी ठेवायची नाही आणि पाला जाळायचा नाही, हे मी बजावून सांगितलं होतं. मातीतले जीव तो पालाच खाऊन जगतात. थंडी सरेपर्यंत माती काळी, भुसभुशीत झाली. पहिलं गांडूळ दिसलं तेव्हा ठमाबाईंनी ते तळहातावर घेऊन मला दाखवलं आणि रडल्या. मलाही भरून आलं.

मग हळूहळू त्यांनी गच्चीवर येणंच सोडलं. मेथी छान तरारली होती, ती तोडायलाही येईनात. मी घरी जाऊन विचारलं.

"म्हातारा येत नाय आता," त्या म्हणाल्या.

"मग तुम्हाला हवं होतं तेच झालं की!"

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दार लोटून घेतलं.

मार्चमधल्या एका संध्याकाळी गच्चीवरून धूर येताना दिसला. धावत वर गेले. ठमाबाईंनी वाफ्यावर पाला आणि शेण्या रचून पेटवून दिल्या होत्या. त्याला इकडे राब म्हणतात. भाताचं बी पेरण्याआधी जमीन अशी भाजून घेतात. मी बादलीभर पाणी ओतलं. खालची गांडुळं होरपळून गेली होती.

"अहो, काय केलंत हे? इतक्या महिन्यांची मेहनत!" मी ओरडले.

"राबाचा धूर दिसला का तो आसंल तिथून शेतावर यायचा," त्या म्हणाल्या. "म्हून लावला."

माझा राग कुठल्या कुठे गेला. "आला का?" मी विचारलं. असं काही मी विचारीन, हे मला खरंच वाटलं नव्हतं.

"आलाय. पन माझ्याकडं बघत नाय. राख सारून गांडुळं हुडकतो."

मी वाफ्याकडे पाहिलं. वारा नव्हता. ओल्या राखेत एका ठिकाणी बोटांनी उकरल्यासारखं दिसत होतं. ठमाबाईंचे हात तर कोरडे होते. मी तिथून नजर काढली.

ठमाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि कोपऱ्यातलं वाळक्या पाल्याचं पोतं ओढत आणलं.

"चला बाई, परत थर लावू," त्या म्हणाल्या. "जाऊ द्या त्याला."